सही कुठंय?

पास्कलकाका व्यंगचित्र बघून हसत नाहीत. आधी वाकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवत विचारतात, "सही कुठंय?" ती सापडली की मग वरचा पुढारी, त्याचं पोट, त्याची खुर्ची. नाही सापडली तर विनोद कितीही चांगला असो, काकांचा चेहरा हलत नाही.

भुईगावचे हे निवृत्त पोस्टमास्तर जुनी राजकीय व्यंगचित्रं जमवतात. साप्ताहिकांची पानं, दिवाळी अंकांतली चित्रं, विरून गेलेल्या पक्षांची पत्रकं. पण त्यांचा खरा जीव ती काढणाऱ्यांवर. "हा बघा. सगळ्या मंत्र्यांना घोड्याचे दात द्यायचा. पुढे कुठे गेला, कोणी विचारलं?" असं म्हणून माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्या माणसाला कुठेतरी लपवलंय.

मी गावच्या वाचनालयाची सेक्रेटरी. याद्या करणं आणि त्यांवर खुणा करणं हा माझा स्वभाव. 'काकांना शांत करणे' ही त्यातली रोजची नोंद, आणि तिच्यावर खूण कधी पडत नाही. कारण वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी एखादं व्यंगचित्र टाकतं. खालचा कोपरा छाटलेला. एकदा तर नगरसेवक व्हायची घाई झालेल्या एका तरुणाने सहीच्या जागी स्वतःचा हात जोडलेला फोटो चिकटवला. काका काठी आपटत माझ्या दारात.

"दुसऱ्याच्या घराची पाटी काढायची, आपली लावायची आणि वर शुभ सकाळ म्हणायचं. सेक्रेटरीबाई, याला काढा."

"ग्रुपमधून?"

"गावातून."

तुळिंजला रद्दीवाल्याकडे गेले असताना त्यांनी एकदा वडापाव घेतला. पुडी सोडली तर आत अर्धं व्यंगचित्र. खालचा अर्धा कागद पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात, ते रस्ता ओलांडून चाललेलं. काका मागे धावले. त्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागलीय. त्यांनी वडा पुढे केला. "वडा तुम्हीच खा," काका म्हणाले, "मला सही द्या." तो कागद चटणीच्या डागासकट आजही त्यांच्या कपाटात आहे.

अशा माणसाचं प्रदर्शन भरवायचं मी मनावर घेतलं, यात चूक माझीच. अट एकच होती: प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव ठळक हवं. फ्रेमवाल्याला दम देऊन झाला, खिळे ठोकून झाले, नावांच्या चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या. काकांनी दिलेल्या गठ्ठ्यात एक चित्र छापील नव्हतं, शाईने काढलेलं होतं. एक उमेदवार कर्ण्यातून भाषण देतोय आणि समोर श्रोते म्हणून नुसत्या वाडीतल्या केळी, माना खाली घातलेल्या. मला हसू आलं. सही नव्हती. मी चिठ्ठी लावली, 'व्यंगचित्रकार: अज्ञात'.

उद्घाटनाच्या सकाळी काका आले, भिंतीभिंतीने वाकत पुढे सरकले आणि तिथे थांबले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"अज्ञात? कोणाला अज्ञात?"

सकाळपासून मी शिडीवर होते. मलाही राग आला. "काका, नियम तुमचाच. सही कुठंय, दाखवा."

त्यांनी बोट कोपऱ्याकडे नेलं आणि मागे घेतलं. मग खुर्ची ओढून बसले.

"हे इथे यायचं नव्हतं. चुकून गठ्ठ्यात आलं." काठी गुडघ्यांवर आडवी ठेवत म्हणाले, "तो उमेदवार मी आहे. निवृत्त झाल्यावर, गाव महापालिकेत जायच्या आधी, ग्रामपंचायतीला उभा राहिलो होतो. पडलो. निकालाच्या संध्याकाळी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. फिलोमिनाने कागद-शाई घेतली. तिथेच चुलीजवळ बसून हे काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी हसलो, मग तिने जेवायला वाढलं."

फिलोमिनाकाकूंना मी ओळखत होते. त्यांच्या हातची केळवडी आठवते. चित्र काढायच्या हे मात्र गावात कोणालाच माहीत नव्हतं.

"मी तेव्हाच म्हटलं, सही कर. तर म्हणे, एकाच बाजूची मिशी झालीय. दुसरी उद्या काढते, मग करते."

मी नीट पाहिलं. उमेदवाराला खरोखर अर्धीच मिशी होती.

"मग उद्या वाडीत पाणी सोडायचं असायचं, परवा कोणाचं लग्न. राहिलं ते राहिलंच."

मी 'अज्ञात'ची चिठ्ठी काढली आणि पेन उचललं. "मी लिहिते ना नाव."

"नको." आता त्यांचा आवाज पुन्हा काठीसारखा झाला. "तिने केली नाही ती सही आपण ठोकायची? मग त्या शुभ सकाळवाल्यात आणि आपल्यात फरक काय?"

"बरं. चित्र काढून ठेवू?"

त्यांनी उठून फ्रेम जरा सरळ केली. "राहू दे. तिचं कोणी पाहिलंच नाहीये."

पाहुणे आले, भाषण झालं, चहा फिरला. त्या एका चित्राखालची रिकामी जागा मला सारखी टोचत होती. काका मात्र तिच्या शेजारून हलले नाहीत. चहालाही नाही, सत्काराला नाव पुकारलं तरीही नाही. कोणी समोर येऊन हसलं आणि मग वाकून कोपऱ्यात शोधू लागलं, की ते हळूच सांगायचे,

"फिलोमिना. मिशी राहिलीय अजून."