ॲडमिरल दिमायुगांचे नऊ दिवस

"सर, तुमच्या कारकिर्दीत नऊ दिवस कमी पडतायत," हेडक्लार्क ओनोफ्रेने दारातूनच सांगितलं.

रिअर ॲडमिरल क्रिसांतो दिमायुगा यांच्या हातातली कॉफी बशीत सांडली. "कसले नऊ दिवस?"

"समुद्राचे."

दिमायुगा या आडनावाचा अर्थच मुळी 'न हलणारा', आणि साहेबांनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत तो अक्षरशः खरा करून दाखवला होता. नौदलाचं कोठार, नौदलाचा बँड, नौदलाचं संग्रहालय अशा एकाहून एक भक्कम खुर्च्यांवरून ते इथवर पोचले होते. आता तिसरा तारा खांद्यावर चढायचा, मनिलातलं गारेगार ऑफिस मिळायचं, एवढंच बाकी होतं. त्यांच्या बायकोने, मिलाने, नव्या बंगल्याचे पडदेसुद्धा ठरवून ठेवले होते.

"तिसऱ्या ताऱ्याला चार वर्षं समुद्रावर काढलेली लागतात," ओनोफ्रे म्हणाला. "तुम्ही तरुणपणी ज्या जहाजावर होतात ना, ते त्यातले नऊ दिवस गोदीत रंग लावून घेत होतं. जुन्या नोंदीत सापडलं."

"अरे, पण निवड समिती वीस तारखेला बसतेय!"

"म्हणूनच आलो सर. आज आठ."

"मग एखाद्या युद्धनौकेवर सोय कर."

"सगळ्या सरावाला गेल्यात. धक्क्यावर एकच सामानाची बोट आहे. उद्या पहाटे बेटांवर शाळेची बाकं पोचवायला निघते." ओनोफ्रे जरा घुटमळला. "आणि डुकराची चाळीस पिल्लं."

दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीची कप्तान लेफ्टनंट जोविता मांगुबात हिने शिडीवरून साक्षात ॲडमिरलना चढताना पाहिलं आणि तिच्या हातातला पाव खाली पडला.

"सर! आमचं काही चुकलं का?"

"अचानक पाहणी," साहेब करड्या आवाजात म्हणाले.

"किती वेळ चालेल सर?"

"नऊ दिवस."

जोविताचा चेहरा पांढराफटक पडला. पण तो साहेबांच्या चेहऱ्याइतका पांढरा नव्हता, हे तासाभरातच सिद्ध झालं. काविटेच्या नौदल तळाचा किनारा दिसेनासा व्हायच्या आतच साहेबांनी सकाळची पेज समुद्राला अर्पण केली.

"आल्याचा तुकडा चघळा सर."

"मला काही झालेलं नाही. मी वाऱ्याची दिशा बघतोय."

"मग कठड्याच्या पलीकडच्या बाजूने बघा सर. इथून सगळं आपल्याच अंगावर येतं."

चार दिवस असे गेले. बाकं उतरली, अर्धी पिल्लं उतरली. साहेब केबिनमध्ये आडवे पडून बोटांवर दिवस मोजत होते, आणि ते कशासाठी हे एव्हाना जोविताच्या लक्षात आलं होतं. पाचव्या दिवशी रोम्ब्लोन बेटाच्या धक्क्याला बोट लागली आणि इंजिनाने एक खोकला काढून प्राण सोडला.

"सुटा भाग मनिलाहून फेरीबोटीने येईल," जोविता म्हणाली. "सतरा तारखेला संध्याकाळी. तोवर इथेच बांधून राहायचं."

स्थिर धक्क्याला बांधलेली बोट! साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू या की. आनंदाने राहू."

"फक्त एवढंच, की धक्क्याला बांधलेले दिवस समुद्रात धरत नाहीत, सर."

"कोणत्या गाढवाने काढला हा नियम?"

जोविताने नजर खाली वळवली. "परिपत्रकावर तुमचीच सही आहे, सर."

साहेबांनी खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बाहेर खाडीत नांगर टाकून उभं राहिलं तर?"

"ते धरतात. पण सर, तिथे लाटा आडव्या येतात. इंजिन चालू असताना परवडलं म्हणाल!"

"दोर सोडा," ॲडमिरल दिमायुगा म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीतला हा पहिला खरा दर्यावर्दी हुकूम.

सहा मच्छीमारांनी आपल्या होड्यांनी बोट ओढत खाडीच्या तोंडाशी नेली. तिथे ती पाळण्यासारखी डुलू लागली. पिल्लं किंचाळू लागली. दुसऱ्या दिवशी गावात बातमी पसरली. केळीच्या पानात बांधलेल्या गोड भाताच्या पुड्या विकणारी एक म्हातारी होडी वल्हवत जवळ आली आणि खालून ओरडली, "अगं पोरी, धक्का मोकळा असताना इथे का हिंदकळताय? कुणाला शिक्षा झालीय का?"

"नाही आजी, ॲडमिरलसाहेबांची इच्छा आहे!"

म्हातारीने वर पाहिलं. कठड्यावर हिरवट चेहऱ्याचे साहेब लटकले होते. तिने छातीवर क्रूस काढला आणि दोन पुड्या फुकट वर फेकल्या.

जोविता मात्र रोज इमानेइतबारे नोंदवहीत लिहीत होती : 'इंजिन बंद. लाटा मोठ्या. ॲडमिरल स्वखुशीने जहाजावरच. किनाऱ्यावर जाण्यास नकार.'

धक्क्याला लागलेला पाचवा दिवस हिशेबात धरला गेला नव्हता; अठरा तारखेला इंजिन सुरू झालं आणि परतीच्या प्रवासात नववा दिवस भरला. काविटेच्या धक्क्यावर पाय ठेवताच साहेबांना जमीन हलल्यासारखी वाटली. त्यांनी ओनोफ्रेचा खांदा घट्ट धरला. सात किलो वजन उतरलं होतं, पण काम फत्ते झालं होतं.

वीस तारखेला दुपारी लखोटा घरी आला. मिलाने तो फोडून मोठ्याने वाचला. तिसरा तारा मंजूर! साहेबांनी डोळे मिटून सुस्कारा टाकला. मिला पुढे वाचतच होती.

"'...बंद पडलेल्या बोटीवर, खवळलेल्या पाण्यात, किनारा समोर असताना स्वखुशीने राहिलेल्या अधिकाऱ्याची नोंद वाचून समिती थक्क झाली. अशा माणसाला ऑफिसात अडकवणं हा त्याच्यावर अन्याय ठरेल. सबब त्यांची नेमणूक दक्षिण समुद्रातल्या गस्ती ताफ्याचे प्रमुख म्हणून करण्यात येत आहे. मुक्काम जहाजावरच. मुदत अठरा महिने.'"

साहेब ताडकन उभे राहिले. हे थांबवायला हवं होतं. फोन करायचा, डॉक्टरचा दाखला आणायचा, काय वाटेल ते करायचं. त्यांनी तोंड उघडलं.

मिला त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत असं काही होतं जे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"सांतोय," ती त्यांच्या लाडक्या नावाने हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तू नुसताच कारकुनी करतोस. तुला समुद्राचं एवढं वेड आहे, हे कधी बोलला नाहीस रे."

साहेबांनी तोंड मिटलं. त्यांनी छाती पुढे काढली.

"बोलून दाखवायची गोष्ट नाही ती," ते म्हणाले. "घरात आलं आहे का बघ. पाच किलो तरी लागेल."