समोरून येणारे नमस्कार

सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला आणि जावईबापूंना बरे दिवस आले.

एरवी सासरी जावईबापूंची किंमत बेताचीच होती. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. सासूबाईंना मुलीसाठी साहेब हवा होता, दारात मोटार आणि मोटारीला ड्रायव्हर असलेला. मिळाला हा मोटारसायकलवाला, आणि ती मोटारसायकलही सासऱ्यांचीच, त्यांच्या पश्चात जावयाकडे आलेली. लग्नानंतर सासूबाईंनी जावयाचं एकदाच कौतुक केलं होतं, तेही फोनवर, दुसरा जावई समजून.

गुडघ्याच्या व्यायामासाठी त्या महिनाभर मुलीकडे राहायला आल्या. पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बघून "आधी वजन..." एवढंच म्हटलं आणि सासूबाईंनी डॉक्टर बदलला. त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला. वजनकाटा माळ्यावर गेला. भाजीवाल्याचा काटा दिसला तरी मुलगी आईला रस्त्याच्या पलीकडून न्यायची.

दवाखान्यात व्यायामाला ने-आण करायचं काम जावईबापूंकडे आलं. पहिल्याच संध्याकाळी परत येताना समोरून आलेल्या स्कूटरवाल्याने दिव्याची दोनदा उघडझाप केली. मग एका टेम्पोवाल्याने केली. टेम्पोच्या मागून आलेल्या मोटारवाल्याने तर हात बाहेर काढून काहीतरी ओरडूनही दाखवलं.

"हल्ली दिव्याने नमस्कार करतात वाटतं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"अं? हो... करतात काही जण."

"सगळे तुमच्या ओळखीचे?"

"दुकानात येतात ना," जावईबापू चाचरत म्हणाले.

"अगंबाई! सगळं गाव ओळखतं की तुम्हाला!"

आणि सासूबाईंनी पुढच्या ट्रकवाल्याला हात केला.

घरी येऊन त्यांनी मुलीला सगळं रंगवून सांगितलं. दुखऱ्या गुडघ्याने उठून जावयाला स्वतः वाढलं. जावईबापूंना भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासूबाईंच्या हातून त्यांना पाठीला उशी मिळाली होती.

खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते एकटे असले की गाडीचा दिवा शहाण्यासारखा रस्त्यावर पडायचा. सासूबाई बसल्या की गाडी मागून दबायची, पुढून नाक वर करायची आणि दिव्याचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. माणसं बिचारी डोळे चोळत दिवा खाली करा म्हणून विनवत होती, काही शिव्याही घालत होती. पण हे सांगायचं कसं? दिवा वर का जातो म्हणून विचारलं तर तो बंद केलेला शब्द आलाच. आणि आणखी एक होतं. उशी सोडवत नव्हती.

तीन आठवडे गाव असंच नमस्कार करत राहिलं. मग एका सकाळी दुकानात ओळखीचे गायनमास्तर आले. चष्म्याची एक काच गायब, दुसरीला तडा, कपाळावर ओरखडे.

"काल संध्याकाळी कुंपणात गेलो," ते म्हणाले. "सायकलवर होतो. समोरून एका गाढवाने डोळ्यांत असा दिवा मारला की मला माझाच हात दिसेना!"

"कोण होता?" जावईबापूंनी खाली बघून विचारलं.

"चेहरा कुठला दिसायला! मागची बाई तेवढी दिसली. चांगली भारदस्त. मी दोन्ही हात हलवून ओरडतोय, तर तिने मलाच उलट हात केला! झालं, गेलो काटेरी कुंपणात."

जावईबापूंच्या हातातला स्क्रू खाली पडला. गायनमास्तरांचा डोळा थोडक्यात वाचला होता. जावईबापूंना स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि संध्याकाळी जाऊन तेच डोळे दिपवायचे. उशी गेली तरी चालेल, पण दिवा खाली आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

दुपारी ते मेकॅनिककडे गेले.

"सोपं आहे," मेकॅनिक म्हणाला. "दिव्याच्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारायची. प्रकाशाची वरची कड रेघेच्या खाली आली पाहिजे. दिव्याखाली स्क्रू आहे, तो फिरवायचा. फक्त रोज जे बसतात त्यांना बसवून करायचं. घेऊन या त्यांना."

"त्या यायच्या नाहीत."

"मग वजन सांगा, तेवढं सामान ठेवू."

जावईबापूंनी आधी मागे वळून पाहिलं. "जरा हळू बोला हो!"

शेवटी रविवारी, व्यायामाला सुट्टी होती तेव्हा, दिवेलागणीला त्यांनी बायकोला विश्वासात घेतलं. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. इमारतीच्या आवारात भिंतीवर रेघ मारली गेली. जावईबापू पुढे बसले, बायको मागे.

"मी पुरते का?" बायकोने विचारलं.

"छे! दिवा हललासुद्धा नाही."

तिने मांडीवर पाण्याची भरलेली बादली घेतली.

"आता?"

"अजून पाहिजे."

"अरे, आई आहे ती माझी!"

"म्हणूनच तुला विचारतोय ना. अंदाज तुलाच असणार."

इतक्यात वरच्या मजल्यावरचे वकील फिरायला म्हणून खाली उतरले. देह चांगला ऐसपैस. प्रकरण समजल्यावर ते खूश झाले, बायकोला उतरवून स्वतः मागे बसले. गाडीने कुरकुर केली आणि दिवा रेघेच्या वर चढला.

"हां! जमलं!" जावईबापू हरखले. बायको बादली ठेवून स्क्रू फिरवायला वाकली.

"पण काय हो," वकिलांनी विचारलं, आणि वकिलांना हळू बोलायची सवय नव्हती, "तुमच्या सासूबाई नक्की माझ्याएवढ्या आहेत का?"

तिघांनी एकदम वर पाहिलं. गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. त्या वळून आत गेल्या.

"ऐकलं तिने," बायको म्हणाली. "आता तुझं तू बघ."

सोमवारी व्यायामाहून परतताना दिव्याचा प्रकाश सतरंजीसारखा रस्त्यावर पसरला होता. स्कूटर गेली, टेम्पो गेला, मोटार गेली. कोणी दिव्याची उघडझाप केली नाही. एका स्क्रूपायी सगळी पत गेली, या विचाराने जावईबापूंचा जीव कासावीस झाला.

"आज ओळखीचं कोणी भेटलं नाही," ते उगाच म्हणाले.

"अजून अर्धा फेरा खाली घ्या," मागून आवाज आला.

"काय?"

"तो दिवा. मघाशी टेम्पोवाल्याने डोळे बारीक केले. तुमचे सासरे माझ्यासाठी अर्धा फेरा जास्त घ्यायचे. वकील हलके पडले तुम्हाला."

गाडी जागच्या जागी थांबायची बाकी होती.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"याच सीटवर बसून संसार केलाय मी."

"मग ते नमस्कार?"

"तुम्ही दिव्याचं काढलं असतं, तर बोलणं माझ्यावर आलं असतं. म्हटलं, आपणच आधी काहीतरी काढावं. तो सायकलवाला कुंपणात जाताना पाहिला, तेव्हापासून मात्र मला झोप नाही. आज मीच सांगणार होते."

"म्हणजे गाव मला ओळखत नाही," जावईबापू खिन्नपणे म्हणाले.

"गाव कशाला ओळखेल तुम्हाला? पण महिना होत आला, तुमच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. आवारात वकील बसवलेत, पण मला विचारलं नाहीत. माझ्या नवऱ्याने तर लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं."

जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाडी आणखी थोडी दबल्यासारखी वाटली.

तेवढ्यात समोरून एक सायकल आली. डोळे दिपत नव्हते म्हणून सायकलवाल्याला पुढचा चेहरा स्वच्छ दिसला, आणि नव्या चष्म्याआडून त्याने ओळखीचं हसून हात वर केला.

"हे गायनमास्तर!" जावईबापू आनंदाने म्हणाले. "आई, हा बघा, हा खरा नमस्कार!"

सवयीने सासूबाईंनीही हात केला.

गायनमास्तरांचं हसू जागीच विरलं. हात हवेतच राहिला. ते एकदा जावईबापूंकडे, एकदा मागच्या भारदस्त बाईंकडे आणि मग कुंपणाकडे पाहू लागले.

"जावईबापू," सासूबाई त्यांच्या पाठीआड होत म्हणाल्या, "दिवा बंद करा आणि गाडी पळवा."