डब्यावरचं बटण

घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप मी स्वतः घेईन, असं मी एका मंगळवारी जेवता जेवता जाहीर केलं. बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली. एकतीस वर्षांच्या संसारानंतर तरी त्या बघण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

आधी माझा धंदा सांगतो. माझं बटणांचं दुकान आहे. भिंतभर सोळाशे डबे, आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण दोऱ्याने शिवलेलं. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी डबा काढतो. शाळेत मी फारसा रमलो नाही (शाळाही माझ्यात रमली नाही), पण कोणी नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला मीच शिकवतो : डब्यावरचं बटण म्हणजे माल नव्हे, माल आत असतो. एवढं तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

तर, कॉम्प्युटर कण्हायला लागला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, डिस्क म्हातारी झालीय. जे जपायचंय त्याच्या तीन प्रती करा. सगळ्या एकाच प्रकारच्या वस्तूवर नको, आणि एक तरी घराबाहेर ठेवा." मला हे फार पटलं. इतकं शहाणपण मी धंद्याबाहेर क्वचितच ऐकलंय.

जपायचं असं खरं तर एकच होतं. मुलगी पाच वर्षांची असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. ती माझ्या दुकानात उंच स्टुलावर दुकानदार होऊन बसलीय आणि कॅमेऱ्यामागे मी गिऱ्हाईक आहे. आता ती समुद्रापलीकडे नोकरीला आहे. तीन वर्षं झाली, आलेली नाही. रविवारी दुपारी फोन करते. जेवलात का, गुडघा कसा आहे, इकडे थंडी आहे, एवढं झालं की दोन्हीकडे शांतता, आणि फोन ठेवावा असं मात्र कुणालाच वाटत नाही. बायको रोज संध्याकाळी कामं आवरून तो व्हिडिओ लावते. का, असं विचारलं तर म्हणते, मशीन चालतंय का बघत होते.

स्क्रीनवर त्या व्हिडिओचं छोटं चित्र होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण. (मला तो शोभेचा वाटला.) ते चित्र मी उचललं आणि पेन ड्राइव्हवर टाकलं. मग बाहेरच्या डिस्कवर. मग आणखी एका पेन ड्राइव्हवर, तो मेव्हण्याच्या कपाटात ठेवायला. प्रत्येक प्रत डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली. मशीन म्हातारं असलं तरी हाताला चपळ आहे, असं मी कौतुकाने म्हणालोसुद्धा. तिन्ही प्रती त्याच कॉम्प्युटरवर लावून तपासल्या. छान चालल्या. मेव्हण्याला मी बॅकअपचं महत्त्व अर्धा तास समजावलं.

नवव्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला. बायकोचा चेहरा उतरला, पण मी रुबाबात तिन्ही प्रती गोळा करून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पहिली लावली : फाइल सापडत नाही. दुसरी, तिसरी, तेच.

"काका, हे नुसतं चित्र आहे," तो म्हणाला. "व्हिडिओ कुठे आहे ते दाखवणारं. व्हिडिओ राहिला जुन्या डिस्कमध्येच."

मी डब्यावरचं बटण उसवून तीन ठिकाणी जपून ठेवलं होतं.

बायको रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी ती ठरल्या वेळी बंद स्क्रीनसमोर बसली, फडक्याने काच पुसली आणि उठली.

रविवारी मी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो बाबा, माझ्याकडे आहे की. निघताना पेन ड्राइव्हवर घेतला होता. पाठवू का?"

इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी म्हणालो, नको, असला माल वाटेत कुठे गहाळ झाला म्हणजे? तू स्वतः घेऊन ये.

मग ती म्हणाली, "बघते. पुढच्या महिन्यात रजा मिळतेय का ते."

रजा मिळाली, तिकीट निघालं, आणि दोनच दिवसांनी दुरुस्तीवाल्याने निरोप दिला : जुन्या डिस्कमधून व्हिडिओ निघाला. तो दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन मी दुकानात लपवला. घरात चकार शब्द काढला नाही. व्हिडिओ मिळाला असं कळलं आणि तिने तिकीट रद्द केलं तर?

ती आली. सामान न सोडताच तिने दुरुस्त झालेल्या कॉम्प्युटरला आपला पेन ड्राइव्ह लावला. छोटं चित्र आलं. कोपऱ्यात वाकडा बाण.

(मुलगी कोणाची!)

"तीन वर्षांत एकदाही उघडून पाहिलं नाहीस?" मी विचारलं.

"नाही. पाहिला असता तर परत यावंसं वाटलं असतं."

बायकोकडे मला बघवेना, म्हणून खरं ते बोलून टाकलं.

"महिनाभर होता तुमच्याकडे?" बायको म्हणाली. "आणि मी रोज काच पुसत होते."

"ही आली नसती," मी म्हणालो.

बायको उठली. चपला घालून दुकानाकडे चालू लागली, मागोमाग आम्ही. पेन ड्राइव्ह कुठे ठेवला ते मला पक्कं आठवत होतं : ज्या डब्याला गिऱ्हाईक नाही, त्यात. फक्त असे डबे एकशे चाळीस निघाले. मुलगी जुन्या स्टुलावर बसून डबे उघडत होती, मी शिडीवर होतो. बायको सरळ खालच्या रांगेत डाव्या कोपऱ्यात वाकली आणि पेन ड्राइव्ह घेऊन उभी राहिली. म्हणाली, लग्नापासून लपवलेलं सगळं तुम्ही तिथेच ठेवता.

घरी येऊन व्हिडिओ लावला. पाच वर्षांची दुकानदारीण स्टुलावर पाय हलवत बसलेली. कॅमेऱ्यामागून मी निळं बटण मागतो, ती म्हणते, शोधून घ्या. मी शोधतो, सापडत नाही. मग ती ते वाक्य टाकते, जे इतकी वर्षं मी 'किती गोड' म्हणून ऐकत आलो :

"तुम्हाला नाही सापडायचं. आईला बोलवा."

बायकोने तेवढंच वाक्य चार वेळा लावलं. आता व्हिडिओच्या खऱ्याखुऱ्या तीन प्रती आहेत. एक मुलगी घेऊन गेली; जाताना उघडून पाहिली आणि पुढच्या वर्षीच्या रजेचं बोलली. उरलेल्या दोन बायकोने जपून ठेवल्यात. कुठे, ते मला सांगितलेलं नाही.