खाऱ्या पाण्याचा जोमा

त्या संध्याकाळी माझ्या बायकोनं चुलीवर हंडाभर पाणी तापवलं आणि भावाला हाक मारली, "जोम्या, ये रं. आज तरी माणसासारखी आंघोळ कर." जोमा आला. त्यानं हंडा उचलला, सगळं कढत पाणी परसातल्या अळवावर ओतलं आणि पळत जाऊन खाडीत उडी टाकली. चाळिशीचा बाप्या. ती हातात तांब्या घेऊन उभी. "मेल्या, अळू भाजलंस," म्हणाली आणि मग हसत बसली. दोघांचं हे रोजचंच होतं. फक्त अळू रोज नसायचं.

जोमा गोड्या पाण्यानं आंघोळ करायचा न्हाय. म्हणायचा, गोडं पाणी अंगाला लागलं की माझ्यातला मासा मरतो. पावसात भिजला तर खाडीत जाऊन धुऊन यायचा. मी एकदा विचारलं, मग पितोस कसा? तर म्हणे, "आतून चालतं." अंगावर मीठ इतकं, की शेजारणीच्या शेळ्या पोटऱ्या चाटायला त्याच्या मागं मागं फिरायच्या. मी जन्मभर मिठागरात राबलो, मला कधी एका शेळीनं विचारलं न्हाय.

खाडीकाठी जन्मून मला पोहता येत न्हाय, म्हणून तो मला 'कोरडे दाजी' म्हणायचा. माझ्या बायकोला बाय. बहीण खरी, पण आईच. आईबाप गेले तेव्हा हा रांगत होता. लग्न होऊन ती आमच्या घरी आली ती याला काखेत घेऊनच. वऱ्हाड हसलं, मी पण हसलो. पुढं पोराला दिवसभर पाण्यातून काढता काढता सगळ्यांचं हसणं गेलं.

मोठा झाल्यावर तो मिठाच्या मचव्यावर मुंबईला जायला लागला. एकदा बंदरात मचवा सुटून वाहत जायला लागला, तर यानं दोर दातात धरला आणि धक्क्यापर्यंत पोहत नेला. धक्क्यावर एक पारशी शेठ उभा होता, पोहण्याच्या क्लबातला. त्यानं याला तसा ओलाच शर्यतीत नेऊन घातला.

शर्यत समुद्राचं पाणी भरलेल्या हौदात. जोमा सगळ्यांच्या आधी समोरच्या भिंतीला पोचला, वर चढला आणि अंग पुसायला लागला. बाकीचे भिंतीला लाथ मारून माघारी निघाले. शेठ ओरडतोय, परत जा, परत जा. जोमा म्हणतो, "परत कशाला? काय विसरलंय तिकडं?" आमच्या खाडीत पलीकडं पोचला की माणूस पोचला. पाण्याला भिंत असते हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग त्याला वॉटर पोलोत घातलं. पोहता पोहता चेंडू फेकून गोल करायचा, असला खेळ. आमच्याकडं नारळी पुनवेला खाडीत नारळ टाकतात, पोरं त्यावर झोंबतात आणि जो काठावर आणतो त्याचा नारळ. जोमानं तेच केलं. चेंडू काखेत मारला, मधल्या गड्यांना लाथाडलं, काठावर आला आणि शेठला म्हणाला, "झाला माझा. बायला नेतो." शिट्टीवाला शिट्टी वाजवून वाजवून लाल झाला.

पण शिकला. भिंतीला लाथ मारायला शिकला, चेंडू सोडायला शिकला. पाण्याखालून दुसऱ्याच्या पायाला चिमटा काढायला तर कुणी शिकवावं लागलंच न्हाय. शिट्टीवाल्यानं विचारलं की म्हणायचा, खेकडा असंल. हौदात! कप यायला लागले. बाय त्यांना देवांच्या शेजारी मांडून कुंकू लावायची. एकदा तिला सामना बघायला नेली. एका साहेबानं याचं डोकं पाण्याखाली दाबलं, तशी ही उठली, पदर खोचला आणि आमच्या बोलीत त्याच्या सात पिढ्या काढल्या. खेळ थांबला. साहेबाला शब्द कळला न्हाय, पण त्यानं डोकं सोडलं.

मग कलकत्ता आलं. मुंबईचा संघ तिकडं खेळायला जाणार आणि त्यात जोमा. बाय गावभर सांगत फिरली, आणि नेमकी त्याच वेळी हिवतापानं पडली. अंग चुलीसारखं. जोमा उशाशी बसला, म्हणाला, मी न्हाय जात. ती तापात उठून बसली.

"माझ्यापायी राहिलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शपथच घातली. तो गुमान आगबोटीनं मुंबईला गेला.

दुसऱ्या दिवशी परत दारात. म्हणे, कलकत्त्याला तळ्यात खेळतात. पाणी गोडं हाय. गोड्या पाण्यात माझ्यातला मासा मरतो. हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बायनं पळी फेकून मारली. म्हणाली, याच परसातल्या बावीतनं शेंदलेल्या गोड्या पाण्यानं घासून घासून तुला वाढवला, तेव्हा कुठं होता तुझा मासा? तो शिव्या खात, ताप उतरेपर्यंत उशाशी बसून राहिला. संघानं पुन्हा बोलावलं न्हाय. गाव म्हणालं, येडा हाय. मी पण म्हणालो. पण त्या दिवसापासून त्यानं बावीच्या पाण्याला अंग लावलं न्हाय ते न्हायच.

अळू भाजलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बायच्या छातीत कळ आली. भिंतीला टेकली, म्हणाली, तांदूळ निवडायचे राहिलेत. आणि गेली. दिवस मावळायच्या आत खाडीकाठी अग्नी दिला.

सकाळी परसात धूर दिसला. सवयीनं वाटलं, तीच. जोमा होता. बावीचं पाणी शेंदून त्यानं तिचा हंडा चुलीवर ठेवला होता. पाणी तापलं तसा तो दगडावर बसला आणि भरला तांब्या डोक्यावर ओतला. मी म्हटलं, "जोम्या, तुझा मासा?"

"मासाबिसा काय न्हाय, दाजी. 'माझ्यापायी राहिलास तर' म्हणाली होती. म्हणून मी पाण्यापायी राहिलो. एकदा जरी गोडं पाणी अंगावर घेतलं असतं, तर ते खोटं झालं असतं. शपथ लागली असती तिला."

म्हटलं, येड्या, तिच्याकडून 'सुटली' म्हणवून घ्यायचं. शपथ सुटली असती.

"मग खरं काय ते तिला सांगायला लागलं असतं ना."

पाठ, मान, कानामागं, ती घासायची तसं त्यानं सगळं अंग घासलं. हंड्यात थोडं पाणी उरलं होतं. ते त्यानं निवू दिलं, बोट घालून बघितलं, आणि भाजलेल्या अळवाच्या बुडाशी हळू हळू ओतलं.