गैरहजर विजेता

चिटणीसांनी सवयीने जोडी पुकारली आणि बुद्धिबळ क्लबात एकदम चिडीचूप झालं.

"पहिलं टेबल. छापखानेवाले पांढरे, चष्मेवाले काळे."

छापखानेवाले गेल्याच महिन्यात वारले होते. पण पाच-पाच मिनिटांच्या डावांची ब्लिट्झ स्पर्धा म्हटली की पहिल्या टेबलावर हीच जोडी, हे चिटणीसांच्या जिभेवर इतकी वर्षं बसलेलं. जिभेला कोण आवरणार?

"चुकलं माझं," चिटणीस ओशाळून म्हणाले. "पण पुकारलेली जोडी बदलायची नाही, असा नियम आहे. तोही छापखानेवाल्यांनीच भांडून करून घेतलेला."

"मग आता कसं हो?" दाताच्या डॉक्टरांनी विचारलं.

"आता काय? त्यांचं घड्याळ चालू करायचं. पाच मिनिटं संपली की चष्मेवाले जिंकले."

चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. उभ्या जन्मात त्यांनी छापखानेवाल्यांना एकदाही हरवलं नव्हतं. तो गृहस्थ नेहमी उशिरा यायचा, शाईचे हात विजारीला पुसत खुर्ची ओढायचा आणि उरल्यासुरल्या वेळात यांना धूळ चारायचा. त्याला एकदा, फक्त एकदा हरवायचं म्हणून चष्मेवाले गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून दुकानात डाव मांडून बसायचे. आज तो विजय आयता चालून आला होता आणि त्यांची नजर दारावरून हलत नव्हती. मित्राच्या आठवणीने त्यांना भडभडून येत होतं.

घड्याळाचं वेळ संपल्याचं निशाण पडायच्या बेतात आलं, तसा त्यांनी आपला राजा आडवा केला.

"हरलो. लिहून घ्या."

"अहो, समोर कोणी नाही," चिटणीस म्हणाले.

"नसेना. राजा आडवा केला की हार. हाही नियमच आहे."

नियमापुढे चिटणीसांचं काही चालत नसे. गुण छापखानेवाल्यांना गेला आणि दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ दाताच्या डॉक्टरांशी पडली. आपण जिंकलो तर लोक काय म्हणतील, या धास्तीने डॉक्टरांनी बसल्या बसल्या राजा निजवला. पुढे तर ज्याच्या वाट्याला ते टेबल येई, तो मुकाट्याने हरून उठे. संध्याकाळी हिशेब केला, तर छापखानेवाले एकही चाल न खेळता पहिले आले होते. चिटणीसांनी कपाळाला हात लावला. चषक छापखानेवाल्यांच्या घरी पोचवायचं काम अर्थातच चष्मेवाल्यांच्या गळ्यात पडलं.

वहिनींनी चषक घेतला, पदराने पुसला आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवला.

"कोणाला हरवलं यांनी?"

"पहिल्याच डावात मला, वहिनी."

"तुम्हाला?" वहिनींना खरं वाटेना. "भाऊजी, सारा जन्म ते तुमच्याकडून हरून यायचे. तोंड पाडून म्हणायचे, आजही त्यानंच मारलं बघ. मग मी हातातलं काम टाकून चहा करायचे. जवळ बसून समजूत काढायचे."

चष्मेवाले बघतच राहिले. लेकाचा क्लबात जिंकायचा आणि घरी जाऊन हरल्याचे लाड करून घ्यायचा. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

वहिनी त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

"हरायचेच ना हो ते? का मला बनवायचे?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"हरायचा, वहिनी. दर वेळी हरायचा," ते म्हणाले. "आज माझंच खेळात लक्ष नव्हतं."