मांड्यांच्या बुट्टीची गाठ

बेळगावात असं एक दार दाखवा, ज्याची कडी मी वाजवलेली नाही. दाखवाच! एकतीस वर्षं मी कोर्टात बेलिफ होतो. समन्स घेऊन अनगोळपासून कॅम्पापर्यंत सायकलवरून हिंडलो. मला लांबून बघितलं की लोक आत जाऊन कडी घालायचे, आणि मी नुसत्या कडीच्या आवाजावरून सांगायचो की आत कोण राहतं. यात अतिशयोक्ती असेल तर चार आण्यांची. पुढं जे सांगणार आहे ते मात्र सोळा आणे खरं आहे. दुःख आहे ते त्याचंच.

आमच्या शेजारी रूपाली राहते. खानापूरकडची, शेतकऱ्याघरची मुलगी, लग्न होऊन अनगोळात आली. एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती. जूनमध्ये तिनं ती सोडली आणि आठ सायकली आणून परड्यात उभ्या केल्या. परगावच्या लोकांना सायकलवरून बेळगाव दाखवायचं आणि वाटेत ठिकठिकाणी खायला घालायचं, असा तिचा बेत. ती त्याला टूर म्हणायची. तिचे सासरे भरमाअण्णा त्याला खूळ म्हणायचे.

"दिवाळीपतोर बघतो," त्यांनी सगळ्या गल्लीदेखत सांगून टाकलं होतं. "न्हायतर सायकली भंगारात, आन् तू परत शाळंत."

दिवाळीला तीन आठवडे उरले होते आणि सायकलींवर भरमाअण्णांची धोतरं वाळत होती. अशात पुण्याच्या विनोदिनीबाईंचा फोन आला. या बाई निवृत्त बायकांच्या सहली काढतात. आधी सहा मैत्रिणींना घेऊन स्वतः येणार, आवडलं तर महिन्यातले दोन रविवार कायमचे रूपालीचे.

रूपाली माझ्याकडं आली. हातात एक कागद.

"अण्णा, गल्ल्या तुमच्याएवढ्या कुणाला ठाऊक न्हाईत. तुम्ही पुढं ऱ्हावा, मी मागनं येते. पर एक सांगते, यात लिवलंय तेवढंच बोलायचं. पदरचं काय घालायचं न्हाय."

"मी कधी घातलंय?"

"गेल्या शिमग्याला माझ्या माहेरच्यांना सांगितलासा, की तुम्ही वाघाला समन्स दिलं म्हणून."

"त्यानं सही केली नाही, हेही सांगितलं होतं."

ती हसली नाही. "अण्णा, माझं सगळं यावर हाय."

मी कागद कपाळाला लावून शब्द दिला. देताना तो पाळायचाच होता, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही किल्ल्यावर. सात बायका, सात हेल्मेटं. मी कागद काढला आणि वाचायला लागलो. किल्ला कधी बांधला, दरवाजे किती. एका बाईंनी जांभई दिली. दुसरीला लागण झाली. जांभई ही गोष्ट मला सहन होत नाही. एकतीस वर्षांत मला बघून लोक पळाले, रडले, एकदा तर एकजण कणगीत लपला, पण जांभई कुणी दिली नव्हती.

मी कागदाची घडी घातली.

"आता कागदावर नसलेलं सांगतो. एकदा शत्रू इथवर आला. पण त्या दिवशी वारा होता निपाणीचा. निपाणीची तंबाखू म्हणजे काय चीज! तो वास किल्ल्यावर आला मात्र, आणि बुरुजावरच्या तोफा शिंकल्या. एकापाठोपाठ एक, सतरा तोफा. शत्रू जो पळाला, तो थेट संकेश्वराला जाऊन पाणी प्याला."

सातही जणी हसल्या. विनोदिनीबाईंनी पर्समधून वही काढली.

"सतरा म्हणालात ना?"

"अठरावीला पडसं नव्हतं."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मागून रूपाली माझ्याकडं असं बघत होती, जसं लोक पूर्वी माझ्या खिशातल्या समन्सकडं बघायचे.

कॅम्पात एका जुन्या बेकरीसमोर गरम बनपाव खाताना मी त्यांना एका गोऱ्या साहेबाच्या घोड्याची हकिगत सांगितली. तो घोडा इथला बनपाव चहात बुडवून मिळाल्याशिवाय परेडला जात नसे आणि चहा थंड असला तर साहेबालाच लाथ मारत असे. आता बायका मला कागदावरचं काही विचारेनातच. "काका, या झाडाचं काय?" "काका, या विहिरीचं काय?" प्रत्येक गोष्टीचं काहीतरी असायलाच हवं होतं आणि ते होतंच. माझ्याकडं साठा भरपूर.

तिथून निघणार, तोच एका बाईंच्या सायकलची हवा गेली. रूपाली पंक्चरचं सामान काढून खाली बसली.

"अण्णा, उशीर नको. बाकीच्यांना घेऊन तुम्ही शहापुरात राजाबाईकडं चला. ती चूल पेटवून वाट बघत असंल. सगळ्यांसमोर मांडे करून दाखवंल, एकेक तुकडा खायला दील. मी ह्यांना घेऊन मागनं येते. मोबाइलवर नकाशा पाठवू?"

"मला नकाशा? शहापुरात?" मी सायकलवर टांग टाकली. "मी डोळे मिटून जाईन."

डोळे उघडे ठेवूनच गेलो, तरी हे झालं.

परक्या वाचकांसाठी सांगतो, मांडा म्हणजे आमच्याकडची लग्नाची शान. कणीक हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरायची, पालथ्या मडक्यावर भाजायची, आत पिठीसाखर आणि तूप, वर चौघडी. रुमालासारखी घडी, आणि पापडाहून नाजूक. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर मांड्यांच्या बुट्ट्या जातात. बुट्टी म्हणजे टोपली. त्यावरून सोयरे माणसाची ऐपत नाही, हौस मोजतात.

शहापुरात शिरलो आणि तुपाचा वास आला. वास जिथून आला तिथं वळलो. दारातून चुलीचा उजेड, सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, दोन मोठ्या बुट्ट्या भरून ठेवलेल्या. वर हिरवं खणाचं कापड, त्याला लाल दोऱ्याची गाठ, हळदकुंकवाची बोटं आणि एक नारळ. मी मनात म्हटलं, शाब्बास रूपाली, पाहुण्यांसाठी काय थाट केलाय!

आतून एक बाई पिठाच्या हातानं डोकावली.

"मांड्यासाठीच आलासा न्हवं?"

"मांड्यासाठीच," मी म्हणालो.

"बुट्ट्या भरून ठेवल्यात बघा. मोजून घ्या. माझा हात मोकळा न्हाय." आणि ती परत चुलीकडं गेली.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? सगळंच. पण ते नंतर कळलं.

"काका, हे कुंकू कशाला?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण तेवढा वेळ माझ्या जिभेनं मला दिला नाही.

"ही आमची जुनी पद्धत," मी म्हणालो. "लांबून आलेल्या पाहुण्यानं मांड्यांच्या बुट्टीची गाठ स्वतःच्या हातानं सोडायची. दुसऱ्या कुणी सोडली तर मांडे रुसतात आणि मऊ पडतात. आणि सोडली, की प्रत्येकानं एक खायचा नि चार घरी न्यायचे. नाही नेले तर घरधनीण वर्षभर बोलत नाही."

विनोदिनीबाईंनी आधी लिहून घेतलं, मग गाठ सोडली.

खाताना काय तो आवाज! मांडा मोडला की कोरड्या पानावर पाय पडल्यासारखा वाजतो. सहा जणींनी खाल्ले, चार चार बांधून घेतले, दोघींच्या हातून मोडले म्हणून आणखी घेतले, मागं राहिलेल्या मैत्रिणीचे वेगळे काढले. मी दोन खाल्ले. तीन. आतली बाई एकदा बाहेर डोकावून बघून गेली, काही बोलली नाही. नंतर ती म्हणाली, "मला वाटलं, मुलीकडची मान्सं हैत. आपलाच माल हितंच बसून खायालेत, आपुन कशाला बोला?"

कारण ते घर राजाबाईचं नव्हतंच. राजाबाई पुढच्या गल्लीत. हे मालुबाईचं.

एक बुट्टी तळाला लागली आणि दारात टेम्पो थांबला. आतून फेटा बांधलेला एक उंच माणूस उतरला. नंदगडचा भावकू. दिवाळीआधीच्या काढीव मुहूर्तावर, साडेबाराला, त्याच्या मुलीच्या अक्षता होत्या. तो सोप्यात आला, सुटलेली गाठ बघितली, मग बायकांच्या हातातली पुडकी बघितली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ह्या माझ्या भैरवीच्या बुट्ट्या," तो म्हणाला.

विनोदिनीबाई हसून पुढं झाल्या. "अहो, तुमची पद्धत किती गोड आहे! हे बघा, मी सगळं लिहून घेतलंय. पाहुण्यानं गाठ सोडायची, नाहीतर मांडे रुसतात."

"कुठली पद्धत?"

"इथलीच. काकांनी सांगितली."

सगळे माझ्याकडं वळले. त्याच वेळी बाहेरच्या सायकली बघून रूपाली दारात पोचली. तिनं नारळ बघितला, दोरा बघितला, मला बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "कुंकू तरी दिसलं न्हाय व्हय तुमास्नी?"

दिसलं होतं. तेच तर.

विनोदिनीबाईंनी वही मिटली. हातातलं पुडकं जमिनीवर ठेवलं, जसं कुणी चोरीचा माल परत ठेवतं. "आम्ही एका मुलीच्या लग्नातलं खाल्लं?"



पुढचं सगळं रूपालीनं केलं. धावत जाऊन राजाबाईला तिच्या मळलेल्या कणकेसकट घेऊन आली. मालुबाईनं दुसरी चूल पेटवली. पुण्याच्या बायकांनी बाह्या सरसावल्या. कुणी साखर चाळली, कुणी तूप पातळ केलं, पुडक्यांतले हाताळलेले मांडे बाजूला काढून कागदांच्या घड्या विनोदिनीबाई एकट्याच घालत बसल्या. मी मदतीला पुढं झालो, तर मालुबाई म्हणाली, "तुमी हात लावू नगासा." मग पंखा घ्यायला गेलो, तर राजाबाई म्हणाली, "त्यो बी ठेवा."

भावकूला थांबता येईना. भरलेली एक बुट्टी टेम्पोत ठेवून त्यानं मला दंडाला धरलं. "चला. सोयऱ्यांना दोन सांगितल्यात. एक का आली, ते तुमीच सांगा."

खानापूर रस्त्यावरच्या कार्यालयात नवऱ्या मुलाचे काका मष्णूअण्णा दारातच उभे होते. त्यांनी टेम्पोत वाकून बघितलं. "दुसरी?"

मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, काही न घालता, काही न काढता, जसं घडलं तसं सांगितलं. सायकली, सात बायका, पंक्चर, तोफांपासून गाठीपर्यंत सगळं.

मष्णूअण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भावकूकडं वळले. "बुट्टी जमली न्हाय तर न्हाय म्हणायचं, पावनं. त्यासाठी असला गडी आणून खोटं कशाला बोलवतासा? पुण्याच्या बायका म्हणं! सायकलवरनं!"

"देवाशपथ खरं आहे," मी म्हणालो.

"शपथा खाणारा गडी बी हुडकलाय बघा," मागून कुणीतरी बोललं आणि मांडव हसला.

भावकू हसला नाही. त्यानं डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि मष्णूअण्णांसमोर हात जोडून उभा राहिला. भर मांडवात. "येती दुसरी. वाईच थांबा," एवढंच म्हणाला.

ती आली. बाराला दहा कमी असताना. रस्त्याच्या मधोमध रिक्षा, बैलगाडीच्या चालीनं. आत विनोदिनीबाई, मांडीवर बुट्टी दोन्ही हातांनी धरलेली, बाळ धरावं तशी. भोवती सायकलवर हेल्मेट घातलेल्या बायका, सगळ्यांत पुढं रूपाली, खड्डा दिसला की हात वर करून रिक्षा थांबवणारी. मंत्र्यालासुद्धा असा बंदोबस्त मी कधी बघितला नाही. मष्णूअण्णांचं तोंड उघडंच राहिलं. गाठ पुन्हा बांधलेली होती, कुंकू नवं होतं. एकही मांडा मोडला नव्हता.

अक्षता पडल्या. मी मागच्या दारानं निघालो होतो, तर नवरी समोर. भैरवी. मुंडावळ्या बाजूला करून तिनं मला नीट बघून घेतलं.

"तुमीच काय ते?"

"मीच."

"मांड्यांचं काय न्हाय, आजोबा. आले की," ती म्हणाली. "पर आमच्या आप्पांना हात जोडून उभं ऱ्हायलेलं मी कधी बघितलं न्हवतं."

आणि ती गेली. माझ्याकडं सगळ्या गोष्टींना उत्तर असतं. वाघाला होतं. हिला नव्हतं.

रूपालीचं म्हणाल, तर विनोदिनीबाईंनी महिन्याचे दोन रविवार तिला दिले. बुट्टी पोचवणारी मुलगी आपल्या बायका सांभाळील, असं त्या म्हणाल्या. अट एकच घातली, ती तुम्ही ओळखली असेलच. सायकलींवरून धोतरं उतरली. भरमाअण्णा आता सकाळी उठून सायकली पुसतात आणि ही कल्पना मूळची आपली, असं सांगतात. मी ऐकून घेतो. थापा ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण बोलायला तोंड नाही.

गेल्या रविवारी राहवलं नाही. इतरांसारखं नाव नोंदवलं, हेल्मेट घातलं आणि रांगेत शेवटी निघालो. रूपालीनं बघितलं. किल्ल्यावर तिनं कागदावरचं सांगितलं. तोफा शिंकल्या नाहीत. मग शहापुरात, मालुबाईच्या पायरीशी उभं राहून तिनं ती हकिगत सांगितली. माझं नाव घेतलं नाही, तिखटमीठ लावलं नाही.

माझ्या शेजारी एक साताऱ्याचे गृहस्थ होते. ते माझ्या कानाशी लागले. "काहीतरीच! कुंकू लावलेली बुट्टी दिसतेय, तरी गाठ सोडायला लावणारा शहाणा असेल का कुठं? या मुलीनं रचलेलं असणार."

रूपालीपर्यंत ते ऐकू गेलं. ती थांबून माझ्याकडं बघू लागली. खरं बोलायची ही माझी दुसरी संधी होती.

"असणार," मी म्हणालो. "हल्लीची पोरं काहीही सांगतात."

तेवढ्यात मालुबाई बाहेर आली. सोप्यात दोन भरल्या बुट्ट्या होत्या, कुणा मुलीच्या. तिनं पाहुण्यांवरून नजर फिरवली आणि हेल्मेटखालचा मी तिला दिसलो. तिनं एक बुट्टी आत नेली. मग दुसरी नेली. मग दार लावून आतून कडी घातली.

कडीच्या नुसत्या आवाजावरून आत कोण राहतं ते मी सांगतो, असं मघाशी म्हटलं ना? हल्ली कड्यांनाही कळतं, बाहेर कोण उभं आहे ते.