सोपानतात्यांची वांगी रंगाची टोळी

टीव्हीवर धावणाऱ्या खेळाडूला "जेवलास का बे?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे सोपानतात्या.

एखादा गोरा खेळाडू गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकताना दिसला, की तात्या खुर्ची पुढं ओढतात आणि त्याच्या तोंडाकडं निरखून बघतात. "सकाळपासून पोटात काही न्हाई ह्याच्या. बघा की कसा कोमेजलाय." एखाद्यानं पेनल्टी हुकवली की सगळं जग त्याला शिव्या घालतं. तात्या मात्र हळहळतात. "घरी लेकरू आजारी असंल. ध्यान न्हाई त्याचं खेळात." आणि मग पडद्याकडं वाकून, "दवाखान्यात नेलं का बे?"

मी आणि हॉटेलवाला रफिकभाई त्यांच्या शेजारीच बाकावर बसलेले असतो. आम्हाला इतक्या दिवसांत त्यांनी "चहा घेता का" असंही विचारलेलं नाही. आमची तब्येत, आमची लेकरं, आमचं जेवण हे विषय त्यांच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाहीत.

तात्या म्हणजे ऊसतोडीचे जुने मुकादम. दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात, माणसं दूरदूरच्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला जातात. त्यांची टोळी जमवायची, फडावर न्यायची, भांडणं मिटवायची, कुणाला ताप आला तर दवाखाना दाखवायचा आणि हंगाम संपला की सगळ्यांना धड घरी आणून सोडायचं, हे मुकादमाचं काम. तात्यांनी ते जन्मभर केलं. आता केस पांढरे झालेत, आवाज मात्र अजून चार शेतं पलीकडं पोचेल असा आहे. रफिकभाईच्या हॉटेलात त्यांनी "पाणी दे" म्हटलं की बाहेर उभ्या असलेल्या टमटमवाल्यांनाही तहान लागते.

असा माणूस इंग्लंडातल्या फुटबॉलच्या नादाला कसा लागला? त्याला कारण एक बनियन. सिरसाळ्याच्या बाजारात कपड्यांच्या ढिगाऱ्यातून तात्यांनी वांगी रंगाचा एक शर्ट उचलला. छातीवर बिल्ल्यासारखं काहीतरी होतं. खरं म्हणजे तो एका पक्ष्याचा पंख आहे. तात्यांना तो कोयता वाटला, म्हणून तर त्यांनी तो घेतला. पुढं एका शनिवारी रफिकभाईच्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना पावसानं थांबला. चॅनेल बदलता बदलता फुटबॉल लागला आणि तात्या ताडकन उभे राहिले.

"आयला! माझंच बनेल घातलंय की सगळ्यांनी!"

त्या दिवसापासून तो क्लब त्यांचा झाला. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ते "आपली टोळी" म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. मी शाळेत मास्तर, मला पहिल्यापासून फुटबॉलचं वेड. पण सिरसाळ्यात फुटबॉलवर बोलायला माणूस मिळणं म्हणजे लॉटरीच. रफिकभाईला कशाचंच वेड नव्हतं, पण टीव्ही त्याचा असल्यामुळं तो आपोआप आमच्यात ओढला गेला.

तात्यांनी सगळा खेळ आपल्या पद्धतीनं लावून घेतला आहे. मैदान म्हणजे फड. खेळाडू म्हणजे अकरा कोयते. मालक म्हणजे कारखान्याचा चेअरमन. पंच म्हणजे कारखान्याचा चिटबॉय, फडावर येऊन चिठ्ठी फाडणारा पोरगा. "त्याच्याशी भांडू नये सर. आज भांडला, की उद्या आपली गाडी सगळ्यात शेवटी लावतो." आणि मैदानाच्या कडेला कोट घालून हातवारे करणारा मॅनेजर, तो अर्थातच मुकादम.

"ऑफसाइड म्हणजे काय, तात्या?" एकदा मी गंमत म्हणून विचारलं.

"दुसऱ्याच्या फडात आधीच जाऊन उभं राहायचं न्हाई. इतकं सोपं हाय. तुमी शाळेत कावून एवढं अवघड करून सांगता?"

यंदा मात्र आमच्या टोळीचं काही खरं नव्हतं. लीगच्या तक्त्यात ती तळाला जाऊन बसली होती. शेवटच्या तीन संघांना हंगामाअखेर खालच्या लीगमध्ये ढकलतात आणि आम्ही त्या तिघांत बरेच दिवस मुक्काम ठोकून होतो. अशात एक दिवस बातमी आली की मॅनेजरला काढलं.

रफिकभाईनं चहा उकळायचा सोडून फोन हातात घेतला. "बहोत अच्छा हुआ! मी तर म्हणतच होतो. चहा बिघडला तर आचारी बदलावाच लागतो."

"बचाव फार उघडा पडत होता," मी म्हणालो. "नवा माणूस आला तर अजूनही वाचू."

तात्यांनी आमच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू आम्ही भर फडात पेटती विडी टाकली होती.

"अर्ध्या हंगामात मुकादम बदलत न्हाईत," ते म्हणाले. "कोण कुणाशी बोलत न्हाई, कुणाला कुणाच्या शेजारी ठिवायचं, कुणाच्या पाठीत उसण भरलीय, ह्ये नव्याला काय ठावं? त्याला कळंस्तोर पट्टा पडंल, हंगामच सरंल."

"पण तात्या, जुना हरतच होता ना!"

"ऊस पडला आसंल आडवा. आडवा ऊस तोडायला टाइम लागतो. चेअरमननं फडावर येऊन बघितलं का कधी?"

चर्चा चार दिवस चालली. रफिकभाईच्या मते नव्या माणसानं जोरात आक्रमण करावं, माझ्या मते आधी बचाव सांधावा, आणि तात्यांच्या मते चेअरमनलाच काढावा. चहा पिणारी गिऱ्हाईकंही मत देऊ लागली. मॅनेजर म्हणजे कोण हे ठाऊक नसलेल्या एका माणसानं तर ठामपणे सांगितलं की हे सगळं आतल्या राजकारणामुळं झालं.

पण तात्यांच्या मनात वेगळंच काहीतरी सलत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, त्याला निरोप दिला का न्हाई?"

मी फोनवर बघितलं. क्लबनं दोन ओळी छापल्या होत्या. त्यांच्या सेवेबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"बस? नारळ न्हाई? टावेल-टोपी न्हाई?"

आता आमच्या जिल्ह्याची रीत सांगतो. इथं ग्रामसेवकाची बदली झाली तरी सत्कार, बदली रद्द झाली तरी सत्कार. फेटा बांधल्याशिवाय आम्ही माणूस गावात येऊ देत नाही आणि जाऊही देत नाही. तेव्हा मुकादम म्हणून राबलेल्या माणसाला असं कोरडं हाकलून दिलेलं तात्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, "त्याचा सत्कार आपण करू. शनिवारी. नव्याचा पहिला सामना सुरू व्हायच्या आदी."

"तो इथं कसा येणार?" रफिकभाईनं विचारलं.

"त्याचा फोटू येईल."

शनिवारी दुपारी मी आणि रफिकभाई एका लग्नात पोटाला तडस लागेपर्यंत बुंदी खाऊन परतलो, तर हॉटेलासमोर मांडव तयार. मधोमध एक खुर्ची, खुर्चीवर मॅनेजरचा फोटो. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत शाई संपली होती, त्यामुळं फोटो काळापांढरा. सत्कार म्हटल्यावर हार पाहिजे, म्हणून तात्यांनी फोटोला घसघशीत झेंडूचा हार घातला होता. नारळ होता, म्हणून अगरबत्ती लावली होती. आणि शेजारी तात्या स्वतः हात जोडून, गंभीर चेहऱ्यानं उभे.

मला लांबूनच कळलं की घोटाळा झालेला आहे. पण तोवर उशीर झाला होता. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून टोपी काढत होती. एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "किती गोरापान माणूस हो! कसा गेला?"

"गेला न्हाई, काढलं त्याला," तात्या म्हणाले.

"अगं बाई! घरच्यांनीच?"

"चेअरमननं."

म्हातारीनं तिथंच चेअरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तात्यांचं तिच्याशी लगेच जमलं.

मी पुढं होऊन काही सांगणार, एवढ्यात पांढरी गाडी थांबली. आमच्या भागातले एक पुढारी लग्नं उरकत निघाले होते. हार घातलेला फोटो दिसला आणि त्यांचे पाय सवयीनं मांडवाकडं वळले. त्यांनी फोटोसमोर फूल वाहिलं, रफिकभाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणाला काही न विचारता बोलायलाच सुरुवात केली. "त्यांच्या जाण्यानं तालुक्याची न भरून येणारी हानी झाली आहे. माझे आणि त्यांचे घरोब्याचे संबंध होते."

रफिकभाईनं फडकं तोंडात कोंबलं. मी जमिनीकडं बघत राहिलो. पुढाऱ्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. इंग्लंडात आपल्या घरी खुशाल बसलेल्या त्या माणसासाठी निम्मं सिरसाळा माना खाली घालून उभं राहिलं. मग पुढारी तात्यांना म्हणाले, "आता आपण दोन शब्द बोला."

तात्या पुढं झाले. मला वाटलं, आता तरी ते खुलासा करतील. पण ते फोटोकडं बघत होते. चार शेतं पलीकडं जाणारा त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आलेला मी ऐकला.

"लई राबला ह्यो माणूस. पोरांना संबाळलं. कोण जेवलं, कोण न्हाई, समदं बघितलं. हरला, पर टोळी फुटू दिली न्हाई. आन् त्याला फोनवर सांगितलं. समोर बोलावलंबी न्हाई. दिवाळी झालती, पोरांची गठुडी बांधून झालती, टरॅक्टर दारात उभा होता. आन् फोन आला, यंदा कारखान्यानं मशीन घेतलंय, टोळी आणू नका. एवढं बोलून ठिवून दिला."

रफिकभाईनं तोंडातलं फडकं काढलं आणि माझ्याकडं बघितलं. फुटबॉलमध्ये ट्रॅक्टर नसतो. ऊस तोडायचं मशीनही नसतं.

"पोरं पांगली," तात्या सांगत होते. "कुणी पुण्याला गेलं, कुणी कुठं. चांगलं झालं, कोयता सुटला त्यांचा. पर एवढी वर्षं नेली-आणली, तर कुणीतरी म्हणायला पायजे होतं, की तात्या, बसा, चहा घ्या, तुमचं काम चांगलं होतं. एक नारळ द्यायचा. नारळाला काय लागतं?"

ते थांबले. डोळे पुसले. जमलेल्या माणसांना वाटलं, मयताच्या आठवणीनं त्यांना गहिवरून आलं. पुढारीही गंभीर झाले आणि पुढच्या लग्नाला निघून गेले.

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी या माणसाच्या शेजारी बसून त्याची गंमत बघत होतो. टीव्हीतल्या पोरांना तो जेवणाचं का विचारतो, याचं मला हसू यायचं. ज्यांना विचारायचं ती माणसंच त्याच्यापुढून उठून गेली होती.

मांडवातली माणसं पांगली. फोटोपुढं फेटा, टॉवेल, टोपी, नारळ तसंच पडलं होतं.

"ह्ये पोस्टानं जाईल का सर, तिकडं?" तात्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत रफिकभाईनं फेटा उचलला. "पोस्टात हरवून जाईल तात्या. तुम्हीच घ्या त्यांच्या वतीनं. एक मुकादम, दुसरा मुकादम, एकच बात आहे." आणि तो तात्यांच्या डोक्याला फेटा बांधू लागला. त्याला फेटा बांधता येत नाही. हॉटेलातली गिऱ्हाईकं सूचना देत होती. मी तात्यांच्या गळ्यात टॉवेल घातला, हातात नारळ दिला आणि म्हणालो, "तात्या, तुमचं काम चांगलं होतं."

"आरं, माझं कशापायी," असं काहीतरी ते पुटपुटले. पण नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

तेवढ्यात सामना सुरू झाला. नवा मॅनेजर अगदी कोवळा होता, कडेला एकटाच उभा, ओठ चावत होता. तात्यांनी त्याच्यावर बहिष्कार घालायची शपथ घेतलेली होती. ती मध्यंतरापर्यंतही टिकली नाही. "भ्यालंय पोरगं," ते म्हणाले. "भिऊ नको बे. पयल्या दिवशी समद्यांचंच आसं हुतं." शेवटी शेवटी आमच्या टोळीनं एक गोल मारला आणि कसाबसा तो राखला. रफिकभाई टेबलावर चढून नाचला. तळातल्या तिघांतून आम्ही अजून बाहेर आलो नव्हतो, पण जीव होता.

"बघा, नव्या माणसाचा गुण," मी म्हणालो.

"गुण कसला? ऊस लावला जुन्यानं, ह्यानं नुसता तोडला," तात्या म्हणाले. "आन् गेलो खालच्या लीगमधी तर तिथं बघू. टोळी सोडायची न्हाई."

वाकडा फेटा सावरत ते उठले. एरवी सामना संपला की ते पडद्याकडं बघत खेळाडूंना "जा, जेवून घ्या" म्हणतात आणि निघून जातात. त्या दिवशी ते टीव्हीकडं पाठ करून उभे राहिले आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडं निरखून बघू लागले.

"जेवले का बे तुमी?"

दुपारची बुंदी अजून माझ्या गळ्याशी होती. रफिकभाईनं तर तीनदा वाढून घेतली होती. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"न्हाई तात्या," रफिकभाई म्हणाला. "सकाळपासून काहीच न्हाई."

"वाटलंच मला. तोंडं बघा कशी उतरलीत," तात्या म्हणाले. "चला घरी. काकूला भाकरी टाकायला लावतो."

ते नारळ काखेत धरून पुढं निघाले आणि आम्ही दोघं टम्म भरलेली पोटं सांभाळत त्यांच्या मागं निघालो.